पीण्यातला किनोआ फुलेना

बेंगळुरूला जाऊन आलो म्हटलं, की सांगलीत लोक दोनच गोष्टी विचारतात. हवा कशी होती आणि म्हैसूर पाहिलं का. हवा उत्तम होती. म्हैसूर पाहिलं नाही. लालबागसुद्धा पाहिली ती धावत्या रिक्षातून, कुंपणाबाहेरून. डिसेंबरातला आमचा सगळा मुक्काम एका पॉलीहाऊसमध्ये, कमरेला लागणाऱ्या हिरव्या झुडपांसमोर उभं राहण्यात गेला. ती झुडपं फुलत का नाहीत, यावरून जमेल त्या माणसाशी जमेल त्या भाषेत वाद घालण्यात उरलेला वेळ गेला. भेटेल त्याला ही हकीकत पहिल्यापासून सांगून मी थकलो, म्हणून आता एकदाच लिहून काढतो.

माझी बायको निर्मला पीक-पैदासकार आहे. दोन वाणांचा संकर करायचा, त्यांच्या मुला-नातवंडांतून हवं ते झाड निवडायचं, त्याचं बी पुन्हा पेरायचं, हा तिचा उद्योग. आमच्या गावाबाहेरच्या संशोधन केंद्रातली तिची नोकरी येत्या उन्हाळ्यात संपते. मी वीजखात्यातून आधीच निवृत्त झालो आहे. तिच्या कामातलं मला इतक्या वर्षांत एवढंच कळलं होतं, की ते कधी संपत नाही.

गेली काही वर्षं ती किनोआच्या मागे आहे. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतलं हे धान्य, म्हणजे आपल्या चाकवताचा चुलतभाऊ. पान तसंच, कोवळ्या पानावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरट लव तशीच. फक्त शेंड्याला राजगिऱ्यासारखा भरघोस तुरा येतो आणि त्यात बारीक दाणा भरतो. चाकवताची जुडी भाजीवाली पिशवीत कोंबून देते आणि याच्या पाकिटाला दुकानात काचेचं कपाट लागतं, हा माझा जुना राग आहे. पण ते असो.

निर्मलाची अडचण अशी होती. तिच्याकडचा उंच, भरपूर दाण्याचा वाण फार उशिरा फुलायचा. दाणा भरायच्या वेळेला आमच्याकडचं ऊन तापायचं आणि तुरा पोकळ राहायचा. दुसरा एक बुटका वाण लवकर फुलायचा, पण त्याचा दाणा मूठभर. तिनं उशिरा फुलणाऱ्या वाणावर लवकर फुलणाऱ्याचा पराग घातला. पहिली आजी, दुसरा आजोबा. मुलं बहुधा एकसारखी निघतात, नातवंडांत आजी-आजोबांचे गुण निरनिराळे वाटले जातात. कुणी आजीसारखं उशिरा, कुणी आजोबासारखं लवकर, कुणी अधलंमधलं. ती नातवंडं पेरायची, कोण कधी फुलतं ते पाहायचं आणि फुलण्याची जनुकं कोणती ते शोधायचं. आमच्या केंद्राचं पॉलीहाऊस वाऱ्यानं फाटलेलं, म्हणून तिनं बी बेंगळुरूच्या एका खाजगी बियाणे कंपनीत पाठवलं. तिथे पॉलीहाऊसही होतं आणि जनुकं वाचायची यंत्रंही.

तिथून डॉक्टर नागराज नावाच्या शास्त्रज्ञाचा निरोप आला. नातवंडं सगळीच्या सगळी उंच वाढली आहेत आणि एकालाही फूल नाही. त्याच पॉलीहाऊसमधला आजोबा मात्र फुलून दाण्यावर आला आहे. म्हणजे संकर झालाच नव्हता, आजीच्या फुलात तिचाच पराग पडला होता आणि हे बी निव्वळ आजीचं आहे. शुक्रवारी जागा रिकामी करून तिथे टोमॅटो लावणार आहोत. क्षमस्व.

निर्मलानं तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. "तो चुकतोय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"संकर मी स्वतः केलाय."

त्या वेळी तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, बांधावरून घसरून पडली होती. तेव्हा तिच्याबरोबर एक हात म्हणून मी बेंगळुरूला गेलो.

जयनगर

वसंत माझा मावसभाऊ. मूळचा बेळगावचा, बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं, आता जयनगरात स्वतःचं घर. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात कन्नड अशी मुरली आहे, की कुठला शब्द कुठला हे त्यांनाही सांगता येणार नाही.

आम्ही चहा घेत होतो तोवर त्यानं कार्यक्रम जाहीर केला. "सरी, अण्णा. आज लालबाग, उद्या इथला बाजार, परवा म्हैसूर. गाडी सांगून ठेवलोय."

"वसंता, आम्ही कामाला आलोय."

"काम होय की. स्वल्प काम, स्वल्प फिरणं. वैनींना पण जरा हवा लागू दे की."

वैनी, म्हणजे निर्मला, म्हणाली, "पॉलीहाऊसमध्ये हवा असते."

वसंतची बायको सुधा हिनं निर्मलाच्या सन्मानार्थ नाश्त्याला किनोआचं उप्पीट केलं होतं. निर्मलानं एक घास घेतला आणि चावता चावता थांबली. "नीट धुतलेला नाही. साल कडू असते याची."

"पाकिटावर धुतलेला म्हणून लिहिलंय बघा," सुधा म्हणाली.

"लिहितात."

यानंतर सुधाचं मन राखायला मला ते कडवट उप्पीट दोनदा वाढून घ्यावं लागलं. सोबत गूळ घातलेलं सांबार. सांगलीच्या माणसाला सकाळी गोड सांबार देणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना समजावणं शक्य नाही. मी तिखट मागितलं तर सुधानं प्रेमानं लोणच्याची बरणीच पुढे ठेवली.

पीण्याच्या पलीकडे

जयनगरहून मेट्रो थेट पीण्याला, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीला जाते. तिथवर सगळं ठीक झालं. पुढे रिक्षावाल्याला कंपनीचं नाव सांगितलं, त्यानं मान डोलावली आणि त्याच नावाच्या पंपांच्या कारखान्यासमोर आम्हाला उतरवून तो निघून गेला. तिथून आम्ही चालत गेलो. दोन्ही बाजूंना छोटे छोटे कारखाने, रस्त्यावर लेथवरून निघालेला लोखंडाचा वळलेला कीस, हवेत करपलेल्या तेलाचा वास, आणि अंगावर येणारे टेम्पो. निर्मला गळ्यात हात अडकवून माझ्या पुढे. मी मागून ओरडत होतो, की कडेनं चाल. तिथे कड नव्हतीच.

कंपनीच्या फाटकावर आमचे फोटो काढले, फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्ट्या लावल्या, बुटांवर पिशव्या चढवल्या. पहारेकऱ्यानं निर्मलाच्या प्लास्टरकडे बोट करून हिंदीत विचारलं, "यात काय आहे?"

"हाड," निर्मला म्हणाली.

नागराज तरुण, नीटनेटका आणि विलक्षण सभ्य माणूस. त्याच्या सभ्यतेनं मला पहिल्या दिवशी जितका त्रास दिला, तितका कुणाच्या उद्धटपणानं दिला नसता. निर्मलाशी तो इंग्रजीत बोले, माझ्याशी हिंदीत, आणि दोन्ही भाषांत तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणे. मॅडम म्हणतात ते बरोबर आहे, मॅडमनी जरूर पाहावं, मॅडमना वाईट वाटणं साहजिक आहे. आणि शुक्रवारी टोमॅटो येणार आहेत.

पॉलीहाऊस कंपनीच्या अगदी मागच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीला लागून होतं. आतल्या बाजूला, यंत्रांच्या खोलीच्या आडोशाला आजी-आजोबांच्या कुंड्या. आजोबांचे तुरे पिकून लालसर झालेले, आजीला नुकत्या कळ्या धरलेल्या. नातवंडं मात्र कुंपणाच्या बाजूला, लांब मांडण्यांवर. कमरेपर्यंत उंच, गर्द हिरवी, तजेलदार, आणि शेंड्याला पानांशिवाय काही नाही.

"बघा मॅडम," नागराज म्हणाला, "एकसुद्धा नाही."

निर्मला वाकून एकेक शेंडा पाहत चालली. बऱ्याच वेळानं ती थांबली. "इथे आहे. अहो, लोकर आणलीय का?"

लाल लोकर माझ्या खिशात होती, ती आणायला तिनंच लावली होती. शेंड्याच्या पानांच्या बेचक्यात पांढरट पीठ लागलेली, मोहरीएवढ्या गाठींची एक गुंतवळ होती. त्या कळ्या होत्या. मी त्या झाडाला लोकर बांधली. मग आणखी एकाला. कळ्या इतक्या बारीक होत्या, की नाक लावल्याशिवाय दिसत नव्हत्या. दुपारपर्यंत माझी कंबर गेली. नागराज दोनदा येऊन, चहा घेणार का, असं विचारून गेला. निर्मलाला जेवायची आठवण नव्हती. मला होती, आणि मी ती बोलूनही दाखवली.

"आधी त्या स्टुलावर चढा," ती म्हणाली, "आणि वरून लोकर कुठे कुठे दिसते ते सांगा."

चढलो. मांडण्यांच्या कुंपणाकडच्या टोकाला पाण्याची काळी टाकी होती. टाकीच्या मागून लाल ठिपके सुरू होत होते आणि आत आत जाताना रुंद होत गेलेली त्यांची एक पट्टी दिसत होती. पट्टीच्या बाहेर एकही ठिपका नव्हता.

"एका पट्टीत आहेत," मी म्हटलं. "टाकीची सावली पडावी तशी."

निर्मला टाकीपर्यंत चालत जाऊन परत आली. मग नागराजला बोलावून तिनं शांतपणे विचारलं, "पेरताना बी कसं घेतलं होतं?"

"मिसळून, मॅडम. हाताला येईल तसं."

"मग लवकर फुलणारी तेवढी नेमकी टाकीच्या मागेच कशी येऊन उभी राहिली?"

नागराजनं स्टूल मागितलं. तोही चढला. उतरला तेव्हा पहिल्यांदाच तो हो म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "रात्रीचा उजेड?"

"रात्री इथे कुठला दिवा असतो?"

"पॉलीहाऊसमध्ये दिवाच नाही, मॅडम."

कॅन्टीनमध्ये दहीभात खाताना मी तिला म्हटलं, की आता मला समजेल असं सांग, नाहीतर मी वसंतबरोबर म्हैसूरला जातो.

"ही झाडं दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात," ती म्हणाली. "सलग काळोख किती मिळाला, ते पानाला कळतं. पुरेसा मिळाला की पानातलं एक जनुक जागं होतं, आणि त्याचा निरोप शेंड्याला जातो. आता पानं पुरे, तुरा काढ. आजोबाला थोडा काळोख पुरतो, आजीला मोठी रात्र लागते. पण काळोख दोघांनाही लागतोच. मध्येच कुणी दिवा दाखवला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे कुणी तरी यांना रोज रात्री दिवा दाखवतंय."

"टाकीमागची सोडून सगळ्यांना. आजी-आजोबा आतल्या खोलीच्या आडोशाला आहेत, म्हणून ते वेळेवर फुलले. नातवंडांना फुलूच दिलं नाही, आणि आता म्हणतात ती आजीसारखी आहेत."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र आला. आयुष्यात पहिल्यांदा मला झाडांच्या वतीनं राग आला, आणि तोही दहीभात खाताना.

भिंतीपलीकडचा दिवा

कंपनीची बस अंधार पडायच्या आत सगळ्यांना घेऊन निघून जाते, म्हणून पॉलीहाऊस अंधारात कुणी पाहिलेलंच नव्हतं. आम्हाला थांबायचं होतं. पहारेकऱ्याच्या मते पाहुण्यांना बसनंतर थांबता येत नाही. नागराजनं फोन केले, पहारेकऱ्यानं फोन केले, मी एका बाकावर बसून राहिलो आणि उठणार नाही असं मराठीत जाहीर केलं. शेवटी नागराज बस सोडून आमच्याबरोबर थांबला. त्याला घरी जायला के. आर. पुरमपर्यंत शहर ओलांडावं लागतं, असं तो म्हणाला. त्यात तक्रार होती. मला तो जरा आवडू लागला.

सूर्य मावळला. पॉलीहाऊसमध्ये निळसर अंधार उतरत आला, आणि भिंतीपलीकडच्या कारखान्याच्या आवारात, उंच खांबावर, एक झगझगीत पांढरा दिवा लागला. सगळी नातवंडं लख्ख उजळली. टाकीमागे काळी पट्टी पडली. माझ्या लाल लोकरी बरोबर त्या पट्टीत होत्या.

"पेपर आहे का?" निर्मलानं विचारलं. नागराजनं पिशवीतून कन्नड वर्तमानपत्र काढलं. "बघा, अक्षरं वाचता येतात का."

मी मांडणीपाशी उभा राहिलो. बारीकातलं बारीक अक्षर स्पष्ट दिसत होतं. वाचता येत नव्हतं, ते वेगळ्या कारणानं.

नागराज दिव्याकडे पाहत राहिला. "दसऱ्याच्या आयुधपूजेला बसवला असेल," तो म्हणाला. "तेव्हाच तर आपण पेरलं."

कारखान्याच्या फाटकावर गेलो, तर मालक उद्या भेटतील असं कळलं. नागराजनं तिथूनच आपल्या वरिष्ठांना सगळं लिहून पाठवलं आणि झाडं काढू नका म्हणून विनंती केली. जयनगरला पोचलो, तर वसंत रुसून बसलेला. गाडीवाला दिवसभर दारात थांबून गेला होता.

ढीग

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. टोमॅटोला अजून एक दिवस होता. आम्ही पॉलीहाऊसच्या दारात पोचलो, तर बाहेर मातीत किनोआचा ढीग पडला होता. मुळांसकट उपटलेली झाडं एकावर एक टाकलेली. काहींच्या खोडाला लाल लोकर होती. आत दोन मांडण्या रिकाम्या, तिसरीवर टोमॅटोच्या रोपांचे ट्रे ठेवायला सुरुवात झालेली, शेवटच्या मांडणीवरची झाडं तेवढी अजून उभी. रोपांची गाडी एक दिवस आधी आली होती, आणि लागवडीच्या ठेकेदारानं आपलं काम आपल्या सोयीनं उरकायला घेतलं होतं.

मी नागराजवर घसरलो. "तुम्हाला एक फोन करता येत नव्हता?"

"केला होता, सर. ठेकेदाराचा बंद होता. मग मी पहाटेच निघालो, पण रस्ता..." त्याचा शर्ट घामानं भिजला होता. आमच्या थोडाच आधी तो धावत पोचला होता, आणि तोवर हे झालं होतं.

निर्मला ढिगाशी उकिडवी बसली. डाव्या हातानं तिनं एक झाड उचललं, शेंडा पाहिला, परत ठेवलं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मी तिच्या शेजारी बसलो.

"पानं अजून ओली आहेत," ती म्हणाली. "नळ्या आणा. पानांतून जनुकं तरी वाचता येतील."

नागराज आत गेला. ठेकेदाराच्या माणसांना त्यानं कन्नडमध्ये काय सांगितलं ते कळलं नाही, पण आवाज चढला होता. टोमॅटोचे ट्रे एकेक करून बाहेरच्या व्हरांड्यात आले. मग तो नळ्यांचा खोका घेऊन आला आणि आमच्या शेजारी मातीत बसला. "साहेबांना मला बोलायचं असेल तर बोलू देत," तो हिंदीत मला म्हणाला. "उरलेली मी काढू देणार नाही."

जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत आम्ही तिघं त्या ढिगापाशी बसलो. मी प्रत्येक झाडाच्या पानाचा तुकडा फाडायचा, निर्मलानं तो पाहून मान डोलवायची, नागराजनं नळीत टाकून वर क्रमांक घालायचा. पानं हळूहळू मान टाकत होती. शेवटची तर हातात लोळागोळा होत होती. निर्मला म्हणत होती, "चालेल, हेही चालेल," आणि प्रत्येक झाडाचं पान फाडून झालं, की ते झाड ढिगावर न टाकता बाजूला ओळीनं ठेवायला लावत होती. मला ते व्यर्थ वाटत होतं. तरी मी ओळीनं ठेवत होतो.

हुक्केरींचं आवार

दिव्याचे मालक हुक्केरी, निपाणीकडचे. आमचं मराठी ऐकलं आणि त्यांनी खुर्च्या पुसायला लावल्या, चहा मागवला, सांगलीत आपली बहीण दिली आहे असं सांगितलं. मला वाटलं काम झालं.

"दिवा तेवढा बंद करायचा सोडून बोला," ते म्हणाले. "आवारात माल पडलेला असतोय. दिवा न्हवता तवा चोऱ्या झाल्यात."

निर्मलानं त्यांना रात्रीची मोजणी समजावून सांगितली. त्यांनी मन लावून ऐकलं. "झाडाला फुलाय अंधार लागतोय? खरं काय? मी पहिल्यांदाच ऐकतोय बघा." मग थोडा विचार करून म्हणाले, "तर मग तुम्ही असं करा. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. झाडं तिकडं कुठं तरी हलवा."

जरा जमवून घ्या, हे कन्नड वाक्य मी बेंगळुरूत उतरल्यापासून ऐकत होतो. मेट्रोत, फाटकावर, रिक्षात, वसंतकडे. "झाडांना अ‍ॅडजस्ट होता येत नाही हो," मी म्हटलं. "होता आलं असतं तर ही बाई मोडका हात घेऊन इथवर कशाला आली असती?"

हुक्केरींनी निर्मलाच्या हाताकडे पाहिलं. मी त्यांना म्हटलं, की मी वीजखात्यातला माणूस आहे, दिवा बंद करू नका. त्याचं तोंड खाली वळवा आणि भिंतीच्या बाजूला पत्र्याची झापड लावा. तुमचं आवार आत्तापेक्षा जास्त उजळेल.

"झापड आत्ता करतो की. पत्रा आहे, वेल्डर आहे."

आयुष्यभर लोक माझ्याकडे दिवा लावून द्या म्हणून आले. अंधार मागायला मी कुणाच्या दारात उभा राहीन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

झापड झाली. शिडीवर मी चढणार होतो, निर्मलानं नुसतं पाहिलं आणि हुक्केरींचा वायरमन चढला. संध्याकाळी दिवा लागला, आणि पॉलीहाऊस आधीपेक्षा जास्त उजळलं. नवा कोरा पत्रा, आतून आरशासारखा. सगळा उजेड तो उलटा आमच्यावर फेकत होता. हुक्केरी हसायला लागले, वायरमन हसायला लागला. मला हसू येत नव्हतं. पुन्हा शिडी, पुन्हा झापड खाली, आतून काळा रंग. रंग वाळायला पंखा लावला. हुक्केरींनी घरून भाकरी आणि झुणका मागवला. बेंगळुरूत आल्यापासून तिखट म्हणावं असं ते पहिलं जेवण, पण माझं लक्ष पंख्याकडे होतं.

झापड पुन्हा चढली. हुक्केरींच्या आवारात खालपर्यंत उजेड पडला. पॉलीहाऊसमध्ये मी पेपर डोळ्यांसमोर धरला. ओळी दिसेनात, डोळे सरावल्यावरही पान करडंच राहिलं. "काही दिसत नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"तुझा चेहरासुद्धा दिसत नाही."

"मग बरं झालं," अंधारातून ती म्हणाली.

शुक्रवारी आम्ही परतीच्या गाडीत बसलो. वसंत स्टेशनवर पोचवायला आला होता. "अण्णा, पुढच्या वेळी म्हैसूर पक्कं," तो म्हणाला. पुढची वेळ येईल असं मला वाटत नव्हतं, तरी मी मान डोलावली.

सांगली

नंतर कितीतरी दिवस काही घडलं नाही. निर्मला केंद्रात जाऊन येई. फोन वाजला की हातातलं टाकून येई. नागराज रोज लिहायचा, की काळोख नीट आहे, झाडं नीट आहेत, फूल नाही. मला त्याचा सभ्यपणा पुन्हा खुपू लागला.

मग संक्रांतीच्या सुमारास त्याचा व्हिडिओ कॉल आला. निर्मलाचं प्लास्टर निघालं होतं, पण फोन मीच धरला, कारण तिच्या हातात अजून जोर नव्हता. नागराज उरलेल्या मांडणीशेजारून चालत होता. कुणाला तुरा आला होता, कुणाला कळ्या, कुणी अजून नुसतं हिरवंगार. तेवढंच हवं होतं. ती आजीची नक्कल नव्हती, संकराची नातवंडं होती.

"मॅडम, एक वेगळं आहे," तो म्हणाला आणि एका झाडापाशी थांबला. उंच, आजीसारखं जाड खोड. तुऱ्यावर परागाची पिवळी पूड. "हे सगळ्यांच्या आधी फुललं. दिवा झाकला त्या दिवसापासून मोजलं, तर आजोबालाही याहून जास्त रात्री लागल्या होत्या."

मी विचारलं, की असं कसं. निर्मला पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "म्हणजे लवकर फुलायचं काही आजीकडेही असणार. तिच्यात ते बाकीच्यांखाली दबलेलं होतं, दिसत नव्हतं. या झाडात दोघांकडचं एकत्र आलं."

"मग हेच ना तुला हवं होतं? इतकी वर्षं?"

"हो."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. नागराजला म्हणाली, परका पराग पडू नये म्हणून याला पिशवी घाला, बी वेगळं ठेवा, पानाचा तुकडा घ्या. मग जरा थांबून म्हणाली, "ढिगातल्या नळ्यांचं वाचन झालं का?"

"चालू आहे, मॅडम. जनुकं नीट वाचता येताहेत."

"वाचता येतीलच," ती मला म्हणाली, मराठीत. "कुणाकडे काय होतं ते सगळं कळेल. पण लोकरीची सोडली तर बाकीची फुलली कधी असती, ते आता कशातूनच कळणार नाही. उरलेल्यांत असं एक निघालं. ढिगात अशी किती असतील?"

पडद्यावर नागराज तसाच उभा होता, आपण काही चुकीचं बोललो की काय अशा चेहऱ्यानं. माझा हात फोन धरून अवघडला होता. मी तो दुसऱ्या हातात घेतला आणि तिच्या आणखी जवळ धरला.

"नागराज," निर्मला म्हणाली, "पुढचं झाड दाखवा."